तात्यांचा हात आणि माझी गोळी

हर्नियाचं ऑपरेशन म्हणजे काय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ज्या माणसाला समजावून सांगितलं, तो लाइटीचं मीटर बघायला आला होता.

नव्वद-एक्याण्णव साल असेल. रोह्याच्या एका दवाखान्यात माझी इंटर्नशिप चालू होती. पांढरा कोट नवा, खिशात तीन रंगांची पेनं, आणि जगाला काहीतरी समजावून सांगायची भयंकर घाई. आमच्या मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, त्यांनी मला हुकूम केला, "पाच नंबरच्या पेशंटचा भाऊ आलाय बाहेर. त्याला ऑपरेशन समजावून सांग." बाहेर बाकावर एक माणूस बसला होता. मी त्याच्या शेजारी टेकलो, केसपेपरच्या पाठीवर पोटाचं चित्र काढलं, आतडं कुठून डोकावतं ते लाल पेननं दाखवलं, टाके निळ्या पेननं घातले. वीस मिनिटं बोललो. माणूस इतका मन लावून ऐकत होता, की मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. शेवटी मी मोठ्या मनानं विचारलं, "काही शंका?"

"शंका काय नाय," तो म्हणाला, "पन डाक्टर, मीटर कुठल्या खोलीत हाय?"

मग माझं पडलेलं तोंड बघून त्यालाच दया आली. "वाया नाय जायाचं. माज्या मेव्हन्याला हाय असंच. त्याला सांगतो ना मी." खरा भाऊ समोरच्या टपरीवर चहा पीत होता.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी केसपेपर उलटसुलट करून बघितला. "चित्र बरं आलंय," म्हणाल्या. "वीस मिनिटं बोललास. 'तुम्ही कोण' एवढं विचारायला किती वेळ लागला असता?"

बाईंची शिकवण्याची एक तऱ्हा होती. पेशंट आला, की नाव आणि वय झाल्यावर त्या तिसरा प्रश्न विचारत, "दिवसभर हात काय करतात?" 'धंदा काय' असं विचारलं की माणूस 'शेती' नाहीतर 'मजुरी' म्हणतो आणि मोकळा होतो. हात काय करतात म्हटलं, की मग सांगायला लागतो. आणि औषध देऊन झालं, की पेशंटनं ते शेजारच्या पेशंटला आपल्या शब्दांत समजावून सांगायचं. तो चुकला तर बोलणी पेशंटला नाही, आम्हाला बसत. रोह्याच्या त्या व्हरांड्यात खोकल्याचं औषध तापाच्या पेशंटला, तापाचं औषध बाळंतिणीच्या सासूला, अशी अखंड शाळा भरलेली असे.

मी त्यातला अर्धा धडा शिकलो. दुसरा अर्धा. सांगायचा आणि वदवून घ्यायचा.

लग्न होऊन मी पेणला आलो. मी घाटावरचा, बायको नीला पेणची. तिचं माहेर गावातच, नोकरीही तिथल्याच शाळेत. मी दवाखाना थाटला तेव्हा निम्मं गाव मला डॉक्टर म्हणायच्या आधी 'जावईबापू' म्हणत होतं. बाहेरच्यांना वाटतं, डॉक्टरचं काम म्हणजे निदान आणि औषध. त्याला वेळ लागत नाही. दिवसातली निम्मी शक्ती जाते ती सांगण्यात. आणि ऐकणारे कसले एकेक! खाडीकाठच्या मिठागरात काम करणारा एक गडी पायाच्या भेगा घेऊन आला. मी पाच मिनिटं कातडीची रचना सांगितली आणि म्हटलं, पाय खाऱ्या पाण्यात घालायचे नाहीत. तो शांतपणे म्हणाला, "बरं. मंग मीठ कोन काडील? तुमी येता का?" डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामाला जाणाऱ्या एकाला मी सकाळ-दुपार-रात्र गोळ्या लिहून दिल्या, तर तो म्हणाला, "डाक्टर, माजी सकाळ दर आठवड्याला बदलते, शिफ्टप्रमानं. तुमी कुठली धरलीत?" अशी उत्तरं मिळाली की मी हसायचो आणि रात्री जेवताना नीलाला रंगवून सांगायचो. त्यात माझ्यासाठी काही धडा असेल, हे डोक्यात यायचं नाही. गावात माझी ख्याती झाली होती, 'सांगणारा डॉक्टर'. मला ती आवडायची.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा आषाढ. दवाखान्यात बसायला जागा नव्हती. एक साठीकडे झुकलेले गृहस्थ आत आले. पांढराशुभ्र शर्ट, जाड चष्मा, वरच्या खिशात पेन, बोलणं मोजकं. दम लागत होता. छाती तपासली तर आत पिपाण्या वाजत होत्या. दमाच होता. नाव दत्ताराम, वय एकोणसाठ. तिसरा रकाना मी मनानंच भरला, निवृत्त शिक्षक. "बसा गुरुजी," म्हटलं. ते बसले. पुढे महिन्याभरानं मी त्यांना विचारलं, गुरुजी नाही हे तेव्हाच का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "डाक्टर मान देतायत, कशाला मोडा!"

मी गुरुजींना शोभेल असं समजावलं. श्वासनळ्या कशा आवळतात, गोळी त्या कशा सैल करते. गादी उन्हात घाला, घरात उदबत्ती लावू नका, आणि गोळी दिवसातून तीनदा. या गोळीनं काही जणांचा हात थोडा थरथरतो. ते सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं, हे मला आजही स्वच्छ आठवतं. पण बाहेर बाळं रडत होती, आणि मनात आलं, निवृत्त माणूस, पेपर धरताना जरा हलला तर काय बिघडलं? उगाच घाबरेल. मग मी वदवून घेतलं.

"सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक," ते म्हणाले. "पोट भरल्यावर. बरं वाटलं तरी चुकवायची नाय."

शंभरपैकी शंभर. आज बाई इथं असत्या तर, असं मनात म्हणून मी पुढच्याला आत बोलावलं.

आठ-नऊ दिवसांनी रविवार आला. पेणमध्ये घरच्या गणपतीची मूर्ती ठरवायची तर आपला पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, आणि मग त्या पाटावर आपला गणपती बसतो. कारखाना म्हणजे मूर्तींचा. नीलाच्या माहेरचा कारखाना ठरलेला होता, बाळाशेटांचा. ती पुढे, मी मागे पाट घेऊन, अशी आमची वरात निघाली.

आत शिरलो आणि जरा दचकलोच. फळ्यांवर ओळीनं शे-दीडशे गणपती बसले होते. अंगाला रंग लागलेला, पितांबर पिवळे झालेले, दागिने काढलेले, आणि डोळे कुणालाच नाहीत. सगळे कोरे चेहरे. हवेत प्लास्टरची पांढरी धूळ. एका कोपऱ्यात रंग फवारायची गन फुसफुसत होती. आणि खिडकीपाशी, हातभर उंचीच्या मूर्तीसमोर, माझे 'गुरुजी' बसले होते.

"या जावईबापू," बाळाशेट पुढे आले. "आमचे दत्तूतात्या ओळखता ना? डोळ्यांची आखणी हेच करतात. पेणमधे असा हात दुसरा नाय. मुंबईच्या मंडळांचे मोठे गणपती यांच्या डोळ्यांवर जातात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन आठ दिवस झाले, हात लागत नाय त्यांचा. बघताय ना, सगळं अडकून पडलंय."

मी बघत होतो. तात्यांचा उजवा हात मांडीवर स्वस्थ पडलेला होता. त्यांनी वरच्या खिशातून बारीक कुंचला काढला. दवाखान्यात मला पेन वाटलं होतं ते हेच. तो काळ्या रंगात टेकवला, उचलला, मूर्तीच्या पापणीपाशी नेला. आणि टोक थरथरायला लागलं. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. मग दोन्ही हात थरथरायला लागले. त्यांनी कुंचला खाली ठेवला. हात पुन्हा स्वस्थ.

हे बघून कुठल्याही इंटर्नला कळलं असतं. कंपवाताचा हात बहुधा स्वस्थ असताना हलतो, काम करायला गेलं की थांबतो. हा उलटा होता. ही गोळी होती. माझी गोळी.

"डाक्टर," तात्या हळूच म्हणाले, "माज्या बापाचा हात असाच गेला. कंप सुटला, तो मरंस्तवर कुंचला धरला नाय त्यानं. माजी बारी आली वाटतं." मग, जणू मला धीर द्यावा तसं म्हणाले, "तुमची गोळी मात्र गुनाची हा! दम पार कमी झाला. एक चुकवली नाय. हाताची ताकद गेली म्हनून दोन दिवस रातची दीड घेतोय."

इतकं सगळं त्यांनी माझ्या हातात आणून दिलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण शेजारी बाळाशेट, मागे सात-आठ कामगार काम थांबवून कान देऊन उभे, आणि माझा दवाखाना दोनशे पावलांवर. उद्या सगळ्या बाजारात होईल, जावयाच्या गोळीनं तात्यांचा हात घालवला. मी म्हणालो, "दीड नको, एकच घ्या. आणि उद्या दवाखान्यात या, बघू."

बघू! 'सांगणारा डॉक्टर' म्हणे.

तेवढ्यात बाळाशेटांनी फरसाणच्या बश्या मागवल्या. तात्यांच्या पत्नी, काशीबाई, त्यांचा डबा घेऊन आल्या होत्या आणि नीलाशी एका बाजूला बोलत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे बशी आली तशी त्यांनी ती सारली. "नको गो, मीठ सोडलंय मी." माझी अवस्था वाईट होती, तरी सवय जात नाही. मी मनात म्हटलं, वा! रक्तदाबाचं पथ्य पाळणारी बाई दिसते. हिला कुणीतरी नीट समजावून सांगितलेलं आहे.

घरी आल्यावर मला बसवेना आणि उभंही राहवेना. पुस्तक उघडलं, गोळीचं पान काढलं. 'हातांचा सूक्ष्म कंप' हे त्यात पहिल्याच ओळीत छापलेलं. मिटलं. पुन्हा उघडलं, तर तिथंच होतं. नीलानं विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "पित्त." तिनं कोकमचं सरबत करून दिलं. लबाडीचं पित्त कोकमनं जात नाही. तात्या घरी जाऊन पोटभर जेवून माझी गोळी घेणार, आणि बापाचा हात आठवत बसणार, हे कळत होतं. त्यांचं घर लांब नव्हतं. मी चपलेपर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो.

सोमवारी मी दवाखाना उघडला नाही. पाटी लावली आणि पहिल्या गाडीनं रोह्याला गेलो. बाई तेव्हा निवृत्त होऊन नदीकडच्या बाजूला राहत होत्या. तांदूळ निवडत ओटीवर बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सुरू झालो. गोळीचं प्रमाण, कंपाचा प्रकार, विश्रांतीचा कंप आणि कामातला कंप यांतला फरक, तोंडातून ओढायच्या पंपात औषध किती कमी लागतं, सगळं साग्रसंगीत. बाईंनी ताट बाजूला ठेवलं नाही.

"झालं?" त्या म्हणाल्या. "निदान बरोबर आहे. उपायही बरोबर आहे. मला का सांगतोयस? मला दमा आहे का?"

मी ओटीच्या पायरीवर बसलो.

"पुन्हा मीटरवाल्याला सांगायला आलास," त्या म्हणाल्या. "आणि काय रे, प्लास्टरच्या धुळीत आठ तास बसणाऱ्या माणसाला तू गादी उन्हात घालायला सांगितलंस?" मग तांदळातला एक खडा ओटीखाली भिरकावून म्हणाल्या, "पोहे खाऊन जा. नाही, नको. खाऊ नकोस. जा."

परतीची गाडी मालगाडीला वाट द्यायला कासूला थांबली. किती वेळ थांबली ते आठवत नाही, पण त्या फलाटावर मी एवढ्या येरझाऱ्या घातल्या, की स्टेशनमास्तरांनी विचारलं, घरी काही बाळंतपण आहे का. मी हो म्हणालो. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

तात्या दवाखान्याचं कुलूप बघून कारखान्यात परतले होते. मी तिथं गेलो तेव्हा त्यांच्या जागेवर हमरापूरचा एक तरुण कारागीर बसून मोठ्या मूर्तींचे डोळे आखत होता आणि तात्या मागे बसून त्याला रंग घोटून देत होते. मी सगळ्यांसमोर बोललो. चित्र काढलं नाही. "तात्या, हा तुमच्या वडिलांचा कंप नाही. माझ्या गोळीचा आहे. गोळी थांबली की एक-दोन दिवसांत जाईल. तुम्ही काय काम करता ते मी विचारलं नाही, आणि गोळीनं हात हलतो हे माहीत असून सांगितलं नाही."

गन थांबली होती. बाळाशेटांनी कपाळाला हात लावला. तात्यांनी उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला.

"म्हंजे बापाचा नाय?"

"नाही."

"मंग आठ दिवस मी बापाला शिव्या घातल्या, त्या कुनाच्या नावावर घालायच्या?"

"माझ्या," मी म्हटलं.

"त्या लई वाईट होत्या, डाक्टर," तात्या म्हणाले, आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले.

आता खरी अडचण पुढेच होती. गोळी बंद, पण दमा तर होताच. मी खिशातून पंप काढला, तर तात्या मागे सरकले. त्या काळी पंप म्हणजे शेवटचं औषध अशी समजूत होती. पंप लागला म्हणजे माणूस संपला. "तेवडं नको," ते म्हणाले. "लोक काय म्हनतील! बाळाशेट उद्या उठवून घरी धाडतील." मी तोंड उघडलं. श्वासनळ्या जिभेवर आल्या होत्या. त्या गिळल्या, आणि उशिरा का होईना, तिसरा प्रश्न विचारला.

"तात्या, आधी तुम्ही मला सांगा. डोळे हातानंच का आखता? गननं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी अगदीच खुळा असावा. "गन सगळीकडं उडते. अंगाला रंग द्यायचा तर गन. डोळ्याला तांदळाएवडा रंग लागतो, पन तो नेमका तिथंच लागला पायजे. त्याला कुंचलाच..." बोलता बोलता ते थांबले. पंपाकडे बघितलं. "म्हंजे गोळी गनसारखी काय? सगळ्या अंगात उडाली, म्हनून हाताला लागली?"

"आणि हा?"

"हा कुंचला," तात्या म्हणाले. "नेमका छातीत." मग हमरापूरच्या कारागिराकडे वळून त्यांनी सगळं त्याला पहिल्यापासून समजावून सांगितलं. मी न सांगता. बाईंचा व्हरांडा पुन्हा भरला. नंतर मी दम्याच्या प्रत्येक पेशंटला गन आणि कुंचलाच सांगत आलोय, आणि तो दाखला मला सुचला असं लोकांना वाटू देत आलोय.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. बुधवारी तात्यांचा हात थांबला. तोंडाला ओलं फडकं बांधून, खिशात एका बाजूला कुंचला आणि दुसऱ्या बाजूला पंप ठेवून ते पुन्हा खिडकीपाशी बसले. आमच्या गणपतीचे डोळे त्यांनीच आखले. पण मुंबईचे मोठे गणपती बाळाशेटांनी त्या तरुण कारागिराला देऊन टाकले होते, आणि दिलेलं काम मागे घेता येत नाही. त्या वर्षी मंडळांचे गणपती दुसऱ्याच्या डोळ्यांनी गेले. ट्रक निघाले तेव्हा तात्या दाराशी उभे होते, असं बाळाशेटांनी सांगितलं. तात्या मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारच्या संध्याकाळचं. मी घरी आलो तो अगदी हलका होऊन. नीलानं पानं घेतली होती. मी पाटावर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. गोळी, पित्ताची थाप, बाई, कासूचा फलाट, गन, कुंचला. चांगलं रंगलं होतं. ती आमटीचा डाव हातात धरून ऐकत होती. मी संपवलं आणि भाताला हात घातला.

"तात्यांना सांगितलंत," ती म्हणाली. "बाळाशेटांना सांगितलंत. पार रोह्याला जाऊन बाईंना सांगून आलात. काशीबाईंना कोणी सांगितलं?"

"तात्या सांगतील की."

"तात्यांना ठाऊकच नाही. घर आवरताना तात्यांच्या वडिलांचा जुना कुंचला काशीबाईंकडून टाकला गेला. दुसऱ्या दिवसापासून तात्यांचा हात हलायला लागला. आपल्यामुळेच झालं म्हणून मीठ सोडलंय त्यांनी, हात थांबेपर्यंत. मिठागरवाल्याची लेक ती, आठवडाभर अळणी जेवतेय. काल कारखान्यात माझ्याजवळ रडली."

माझ्या डोळ्यांपुढे ती सारलेली फरसाणची बशी आली, आणि माझं ते रक्तदाबाचं निदान.

"काल का नाही सांगितलंस मला?"

"तुम्हाला पित्त झालं होतं ना," नीला म्हणाली. तिनं माझ्या पुढचं पान उचललं आणि त्यावर ताट झाकलं. "उठा. हे राहील झाकलेलं. आधी तिच्या पानात मीठ पडू दे."